अपिलाचा कागद

आमच्या आजीने भाऊमामाला तान्हेपणी अफू चाटवली होती, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. आजी लालबागच्या चाळीत राहायची, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात कामाला जायची. भोंगा झाला की पोराला शेजारच्या म्हातारीच्या ओटीत घालून पळायचं. मधल्या सुट्टीपर्यंत दूध नाही. पोर रडरड रडणार, म्हातारी वैतागणार. मग बाळागोळी. मोहरीएवढी गोळी दुधात उगाळायची आणि बोटाने चाटवायची. "खात्यातल्या सगळ्याच द्यायच्या. पोर निजलं तर रोज सुटणार, नाहीतर खाडा," आजी सांगायची. १९२०च्या दशकात मुंबईतल्या गिरणीकामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हाही डॉक्टर बाईंना घरोघर हेच दिसलं होतं. अफू चोरून आणावी लागत नव्हती. परवान्याचं दुकान असे, सरकार त्यावर महसूल घेई. १९३८ साली जन्मलेला भाऊमामा त्या गोळीतून वाचला आणि मोठा होऊन तुरुंग खात्यात कारकून झाला. ज्या जिनसाने त्याला पाळण्यात निजवलं, त्याच्याच पायी दहा-दहा वर्षांसाठी आत आलेल्या माणसांची अपिलं रवाना करण्यात त्याच्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं गेली.

मामाकडून आणि त्याच्या चाळीतल्या मित्राकडून, म्हणजे हायकोर्टाच्या अपिलेट साइडला वकिली केलेल्या आमच्या वकीलकाकांकडून, मी हे सगळं लहानपणापासून ऐकत आले. दोघांच्या बोलण्यात कलमं अशी यायची, जशी इतरांच्या घरी नातेवाइकांची नावं येतात. त्यातलं जेवढं मनात राहिलं आणि पुढे कायद्याच्या पुस्तकांतून ताडून पाहता आलं, तेवढं इथे लिहिते आहे.

मामा १९६२ साली नोकरीला लागला. औषधापलीकडची अफूची सरकारी विक्री १९५९ पासून थांबली होती. नोंदलेल्या जुन्या व्यसनींना तेवढी मिळे. गुन्ह्यांसाठी १८७८चा अफू कायदा होता आणि १९३०चा घातक औषधांचा कायदा होता. १९३०च्या कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं, पुन्हा सापडला तर चार. किमान शिक्षा अशी नाहीच. त्यामुळे अफूवाले, गांजावाले यायचे ते दोन-तीन महिन्यांपुरते. मामा सांगायचा, या लोकांची अपिलं कधी व्हायचीच नाहीत. निकालाची नक्कल हातात पडेपर्यंत माणूस सुटून घरी गेलेला असायचा. अपील म्हणजे खुनाचं, दरोड्याचं. तुरुंगातल्या न्याय विभागाच्या टेबलावर तेव्हा एक रजिस्टर वर्षभर पुरे.

मग गर्द आली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, आणि त्याच काळात अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून येणारी ब्राउन शुगर मुंबईच्या गल्ल्यांत पुड्यांनी विकली जाऊ लागली. चाळीच्या जिन्याखाली चांदीच्या कागदावर धूर ओढणारी पोरं बसू लागली. त्यांना लोक गर्दुल्ले म्हणत. आजीच्या शेजारच्या खोलीतला, मामाच्या मांडीवर खेळलेला मुलगा त्यात गेला. आईची भांडी विकली, मग खोलीतला पंखा विकला, आणि एका सकाळी परळच्या पुलाखाली सापडला. त्यामुळे मामाच्या तोंडून मी कधी गर्द विकणाऱ्याची कड घेतलेली ऐकली नाही. अनिल अवचटांनी त्याच सुमारास या विषयावर लिहिलं. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. एकाच येरवड्यात एका भिंतीआड उपचार आणि दुसऱ्या भिंतीआड दहा वर्षं सक्तमजुरी, आणि दोन्हीकडची पोरं एकाच वस्तीतली. मामाला हे फार लागायचं.

दहा वर्षं आली ती १९८५च्या कायद्याने. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम हे पूर्ण नाव मामालाच पाठ होतं. बाकी सगळे एनडीपीएस म्हणत. २३ ऑगस्टला विधेयक लोकसभेत आलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरपासून अंमल. विधेयक ते सही या चार आठवड्यांच्या आत तीन वर्षांच्या कमाल शिक्षेची जागा दहा वर्षांच्या किमान शिक्षेने घेतली, वर किमान एक लाख दंड. गांज्याला थोडी सवलत होती. गर्द, चरस, अफू यांना नाही. स्वतःच्या ओढण्यापुरता माल असेल तर वर्षभराची शिक्षा, पण गर्दची ती मर्यादा २५० मिलिग्रॅम, आणि माल स्वतःसाठीच होता हे आरोपीने सिद्ध करायचं. म्हणजे खिशात चार-पाच पुड्या जास्त निघाल्या की न्यायाधीशाच्या हातात काही उरत नसे. दया आली तरी दहाच्या खाली येता येत नसे.

त्या कायद्याखालचा पहिला कैदी मामाला चांगला आठवतो. पंचविशीचा, खोकणारा, अंगावर कोर्टात घातलेला शर्ट तसाच. वॉरंट पाहून मामाने हिस्टरी टिकटावर शिक्षा लिहिली आणि वाचून दाखवली. मुलगा म्हणाला, "साब, दस महिना ना?" कोर्टात इंग्रजीत काहीतरी बोललं गेलं होतं, दहा हा आकडा त्याने ऐकला होता, पुढचं त्याने आपल्या अनुभवाने भरून घेतलं होतं. त्याच्या वस्तीतले जे जे पूर्वी आत येऊन गेले ते सगळे महिन्यांच्या हिशोबाने आले होते. मामाने बोटं मोजून त्याला वर्षं सांगितली. त्याने विचारलं, मग आता काय करायचं? मामा म्हणाला, अपील.

हा शब्द तुरुंगात सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याचा रस्ता फार थोड्यांना. विशेष न्यायालयाने शिक्षा दिली तर अपील थेट हायकोर्टात. मुदत साठ दिवसांची. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडता येतो. वकील लावायची ऐपत नसेल तर कैद्याने अपिलाचा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकाकडे द्यायचा, तो त्यांनी कोर्टाकडे पाठवायचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८३, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४२४. आकडा बदलला, सोय तीच. यालाच जेल अपील म्हणतात. हायकोर्ट मग कायदेविषयक मदतीच्या पॅनेलवरचा एक वकील नेमून देतं.

अर्ज लिहायचा कोणी? शिकलेला एखादा पक्का कैदी, ज्याला आत रायटर म्हणतात, तो लिहायचा. त्याच्याकडे एक ठरीव मजकूर असे: मी निर्दोष आहे, घरी म्हातारी आई आहे, माझ्यावर दया करावी. खाली अंगठा. मामाने हे वाचून सोडून दिलं असतं तर कोणी त्याला विचारलं नसतं. पण तो कैद्याला समोर बसवायचा. कुठे पकडलं? किती वाजता? बरोबर कोण होतं? झडती रस्त्यात झाली की चौकीत? पंच तेव्हाच होते की नंतर आले? कागदावर सही कधी घेतली, त्यावर आधी काही लिहिलेलं होतं का? ही उत्तरं तो रायटरकडून जशीच्या तशी उतरवून घ्यायचा. "दयेचा अर्ज वेगळा आणि अपील वेगळं. अपिलात आपली हकीगत पाहिजे," असं तो म्हणे. पुढे वकीलकाकांना या दोन पानांनी किती मदत केली ते त्यांनीच मला सांगितलं. पॅनेलच्या वकिलाची आपल्या पक्षकाराशी बहुतेक वेळा भेटच होत नाही. माणूस शेकडो किलोमीटर दूर एका बराकीत असतो आणि वकिलाच्या हातात फक्त पेपरबुक. त्या पेपरबुकात मराठी साक्षींचं इंग्रजी भाषांतर असतं. आरोपीला बऱ्याचदा दोन्ही भाषा येत नसतात. मामाने लिहून घेतलेली पानं हाच दोघांमधला एकमेव संवाद.

नकलेवर पोच घेण्याबाबत मामा फार कडक होता, आणि त्यामागे १९७८चा एक निकाल होता. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. हायकोर्टाने शिक्षा दिलेला एक माणूस चार वर्षांहून अधिक उशिराने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला, मला निकालाची प्रत मिळालीच नाही. तुरुंगाकडे प्रत पाठवल्याची नोंद होती, कैद्याला दिल्याची सही नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर लिहिलं ते पुढे सगळ्या देशाला लागू झालं: शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, तुरुंगाने त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी गरिबाला वकील देणं ही सरकारची मेहेरबानी नव्हे, घटनेच्या २१व्या कलमातला हक्क आहे. त्या माणसाची स्वतःची याचिका मात्र फेटाळली गेली. मामाला याचं नवल वाटायचं नाही. तो म्हणायचा, हरलेल्या माणसांनीच आम्हाला नियम मिळवून दिले.

१९८९ साली कायदा आणखी आवळला गेला. जामिनाच्या अटी कडक झाल्या आणि ३२-अ हे नवं कलम आलं. एनडीपीएसखालच्या शिक्षेत सूट नाही, माफी नाही आणि अपील चालू असताना स्थगितीही नाही. कैद्याच्या भाषेत माफी म्हणजे चांगल्या वागणुकीचे, कामाचे मिळणारे दिवस. खुनातल्या जन्मठेपवाल्याला त्या माफीचा हिशोब मांडता येई, चरसवाल्याला येत नसे. त्याची दहा वर्षं म्हणजे पूर्ण दहा, आणि लाखाचा दंड भरता आला नाही तर आणखी वर, कधी वर्ष, कधी जास्त. मामा ज्यांची अपिलं पाठवत होता त्यातल्या कोणाकडेच लाख रुपये नव्हते. तेव्हा दंड हीसुद्धा शिक्षाच झाली, फक्त गरिबाची.

स्थगिती नाही याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अपील दाखल होतं, सुनावणीसाठी स्वीकारलं जातं, आणि मग रांगेत उभं राहतं. ती रांग वर्षांची. इतर गुन्ह्यांत हायकोर्ट म्हणू शकतं की अपिलाला वेळ लागणार, तोवर याला जामिनावर सोडा. इथे हायकोर्टाचे हात बांधलेले. म्हणजे अपील जिंकेपर्यंत शिक्षा भोगून व्हायची. खटल्याआधीही तेच. महाराष्ट्राच्या तुरुंगांत खटलाच उभा न राहिलेले एनडीपीएसचे कच्चे कैदी इतके साचले की १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, ज्याच्यावर दहा वर्षांच्या गुन्ह्याचा आरोप आहे आणि ज्याने पाच वर्षं खटल्याविना काढली आहेत त्याला जामिनावर सोडा, लाखाच्या जामिनावर आणि दोन जामीनदारांवर. मामाच्या माहितीत अशी सवलत मिळूनही आतच राहिलेले होते. दोन जामीनदार आणणार कुठून?

३२-अ मधला स्थगितीबंदीचा भाग १२ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तो खटलाही महाराष्ट्रातलाच, दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य. अपिलाचा हक्क द्यायचा आणि अपील ऐकणाऱ्या न्यायालयाचा शिक्षा थांबवण्याचा अधिकार काढून घ्यायचा, हे घटनेत बसत नाही असं न्यायालयाने ठरवलं. माफीवरची बंदी तशीच राहिली. जामिनाची अटही राहिली: हा दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटली पाहिजे. शिक्षा झालेल्या माणसाबद्दल अशी खात्री पटवणं सोपं नाही. तरी दार किलकिलं झालं. मामा तेव्हा निवृत्त झाला होता आणि वकीलकाकांच्या फोर्टमधल्या ऑफिसात दिवसभर जाऊन बसत होता. ही बातमी त्याने घरी येऊन दोनदा सांगितली.

त्या ऑफिसातलं वकीलकाकांचं वाचन मी पाहिलेलं आहे. कॉलेजात असताना मी त्यांच्यासाठी मराठी पंचनाम्यांच्या स्वच्छ प्रती करून देत असे. काका निकालापासून सुरुवात करत नसत. आधी पंचनामा, मग मुद्देमालाच्या नोंदी, मग केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल, आणि निकाल सगळ्यात शेवटी. "निकाल आधी वाचला की न्यायाधीशाचे डोळे आपल्याला लागतात," म्हणायचे. एका प्रकरणात पंचनाम्यात लिहिलं होतं, तपकिरी पूड, त्यातून पाच-पाच ग्रॅमचे दोन नमुने, खाकी पाकीट, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. १९८९च्या केंद्र सरकारच्या स्थायी आदेशानुसार हे बरोबर होतं. नमुना बहात्तर तासांत प्रयोगशाळेकडे रवाना करायचा, असाही नियम होता. काकांनी पुढचं पान काढलं. नमुना प्रयोगशाळेत पोचला तीन आठवड्यांनी. तोवर तो कुठे होता? मुद्देमाल कारकुनाची साक्षच झाली नव्हती. नेणाऱ्या शिपायाचीही नव्हती. सीलचा नमुना ठसा प्रयोगशाळेला पाठवल्याची नोंद नव्हती, म्हणजे पाकिटावरचं सील तेच की दुसरं हे तिथल्या माणसाने कशाशी ताडून पाहिलं? काकांनी पेन्सिलीने समासात तीन बारीक रेघा ओढल्या.

मग झडतीचा कागद. कलम ५० म्हणतं की अंगझडतीआधी संशयिताला सांगितलं पाहिजे, तुझी इच्छा असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेता येईल, हा तुझा हक्क आहे. १९९९ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बलदेव सिंग खटल्यात सांगितलं की हे सांगणं बंधनकारक आहे आणि ते टाळून मिळालेल्या मालावर शिक्षा टिकणार नाही. काकांच्या हातातला कागद सायक्लोस्टाइल केलेला होता. मजकूर मराठीत छापील, नावाची जागा रिकामी सोडलेली, तिथे वेगळ्या शाईने नाव भरलेलं, खाली अंगठा. माणूस पश्चिम बंगालमधला. त्याला हे कोणी, कोणत्या भाषेत समजावलं, याबद्दल पंचनाम्यात अक्षर नाही. पंचाने उलटतपासणीत कबूल केलं होतं की आपण त्याच चौकीच्या इतर प्रकरणांतही पंच होतो. ठेवणीतला पंच. हा माणूस हायकोर्टात सुटला. तोवर त्याची आत सात वर्षं झाली होती. कलम ५० फक्त अंगझडतीला लागू, पिशवीला नाही, हे २००५ साली पक्कं झालं. तेव्हापासून काका म्हणत, पुडी खिशात होती की पिशवीत, यावर माणसाचं अर्धं आयुष्य ठरतं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते २००१चं. त्या वर्षी संसदेने मान्य केलं की गर्दुल्ल्याला आणि व्यापाऱ्याला एकच दहा वर्षं देणं चूक आहे. २ ऑक्टोबर २००१ पासून प्रमाणानुसार शिक्षा आली. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, २०१४ पर्यंत त्याला जास्तीत जास्त सहा महिने. २५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण, तिथे दहा ते वीस वर्षं. मधल्याला दहापर्यंत. चरसाला १०० ग्रॅम आणि एक किलो, गांज्याला एक किलो आणि वीस किलो. तपास किंवा खटला चालू असलेल्या जुन्या प्रकरणांनाही नव्या, कमी शिक्षेचा फायदा द्यायचा असं दुरुस्तीच्या ४१व्या कलमात लिहिलं. आणि त्याला एक परंतुक जोडलं: अपिलात असलेल्या प्रकरणांना हे लागू नाही.

याचा अर्थ काय झाला ते काकांच्या ऑफिसात आलेल्या एका पत्राने मला कळलं. एका बराकीतले दोघे. दोघांनाही १९९७ साली चार-चार ग्रॅमच्या आसपास गर्दसह पकडलेलं. एकाचा खटला लवकर संपला, दहा वर्षं झाली, त्याने अपील केलं. दुसऱ्याचा खटला साक्षीदार येत नाहीत म्हणून रखडला. २००२ साली तो उभा राहिला. तो दोषी ठरला, नव्या कायद्याने जास्तीत जास्त सहा महिने, ते कधीच भोगून झालेले. तो त्याच दिवशी सुटला. पहिल्याने पत्रात विचारलं होतं: माझा खटला वेळेवर संपला हा माझा गुन्हा आहे का? मी अपील केलं म्हणून मी आत राहिलो का? काकांनी ते पत्र मामाकडे सरकवलं. मामाने वाचून परत सरकवलं. दोघांपैकी कोणालाच त्या दिवशी उत्तर लिहिता आलं नाही.

या परंतुकाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, बशीर विरुद्ध केरळ राज्य, आणि २००४ साली ते फेटाळलं गेलं. संपलेले खटले पुन्हा उघडायला लागू नयेत म्हणून संसदेने अशी रेघ ओढली, ती मनमानी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हे आजही पटत नाही. फौजदारी अपील म्हणजे त्याच खटल्याचा पुढचा भाग, हे वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पुरावा पुन्हा तोलायचा, शिक्षा पुन्हा ठरवायची. मग शिक्षा कमी करण्याच्या वेळी अपील अचानक वेगळं, बंद झालेलं कसं होतं? ज्यांच्यासाठी दुरुस्ती केली त्यांच्यातल्याच काही जणांना, त्यांनी दाद मागितली एवढ्या कारणाने, बाहेर ठेवलं गेलं. पत्र लिहिणाऱ्याचं अपील पुढे ऐकलं गेलं आणि फेटाळलं गेलं. पंचनामा नीट होता, पंच खरे होते, माल त्याच्याकडेच सापडला होता. काकांनाही त्यात खोट सापडली नाही. त्याने पूर्ण दहा वर्षं काढली आणि दंडापोटी वरचंही एक. चार ग्रॅम.

कबुलीजबाबाची गोष्टही अशीच लांबलेली. अमली पदार्थांच्या तपास यंत्रणांतल्या अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला जबाब हा पोलिसासमोरचा जबाब नव्हे, म्हणून तो पुराव्यात चालतो, अशी समजूत १९९०च्या एका निकालापासून रुजली, २००८ साली ती आणखी पक्की झाली. मामा सांगायचा, आत आलेल्यांपैकी अनेकांच्या जबाबाची भाषा एकच असायची, वाक्यंसुद्धा त्याच क्रमाने. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोनास एक मताने ठरवलं की हे अधिकारी पोलिसच समजायचे आणि असा जबाब कबुली म्हणून वापरता येणार नाही. टाळेबंदीचे दिवस होते. ब्याऐंशी वर्षांच्या मामाने मला फोनवर बातमी मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाला, "तीस वर्षं. त्या जबाबांवर गेलेले सगळे आता सुटून आले असतील, नाहीतर गेले असतील."

गेलेल्यांचंही अपील असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अपील करणारा मेला की अपील संपतं. पण तुरुंगवासाच्या शिक्षेविरुद्धचं असेल तर जवळच्या नातलगाने तीस दिवसांत अर्ज करून ते पुढे चालवायची परवानगी मागता येते. आई-बाप, नवरा-बायको, मुलं, भाऊ, बहीण. तीस दिवसांत. ज्या घरात मयताची खबरच चार दिवसांनी पोचते, दहावं-तेरावं होतं, तिथे कोण कायद्याचं पुस्तक उघडणार?

काकांच्या शेवटच्या काही कामांपैकी एक असं होतं. खानदेशातला एक क्लीनर, कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या ट्रकवर होता. गोण्यांखाली गांजा निघाला, वीस किलोच्या कितीतरी वर. ड्रायव्हरला दहा वर्षं, क्लीनरलाही दहा. माल ताब्यात सापडला की आरोपीला त्याची जाणीव होती असं हा कायदा गृहीत धरतो, नव्हती हे त्याने दाखवायचं. पण २००८च्या नूर आगा निकालाने सांगितलं होतं की ताबा वगैरे पायाभूत गोष्टी आधी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या, मगच ते गृहीतक लागू. काकांचा सगळा भर त्यावर होता: टपावर निजून आलेला पोरगा, गाडी त्याची नाही, माल भरताना तो तिथे असल्याचा साक्षीदार नाही. अपील रांगेत असताना पोराला क्षय झाला आणि तो तुरुंगाच्या दवाखान्यात वारला.

आई-वडील आधीच गेलेले. मोठी बहीण होती, शेतमजुरी करणारी. मामाने तिच्या गावच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, मग स्वतः रात्रीच्या गाडीने गेला. ती म्हणाली, भाऊ गेला, आता अपील कशाला? मामाने तिला समजावलं नाही. एवढंच सांगितलं की अजून दिवस शिल्लक आहेत आणि वकिलाची फी नाही. सकाळी ती पिशवी भरून दारात उभी होती. मुदतीच्या आत अर्ज झाला, परवानगी मिळाली, आणि पुढच्या वर्षी अपील ऐकलं गेलं. ड्रायव्हरची शिक्षा कायम झाली. क्लीनरविरुद्ध जाणीवपूर्वक ताब्याचा पुरावा नाही असं म्हणून हायकोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली.

काकांनी तिला कळवलं तेव्हा तिने पहिला प्रश्न नकलेचा केला. शिक्क्याच्या नकला किती मिळतात? काका म्हणाले, मागशील तितक्या, फी भरली की झालं. तिने तीन मागितल्या. एक पोलीस पाटलाला द्यायची, कारण गावात भावाच्या अटकेची चर्चा त्याच्याच समोर झाली होती. एक चुलत्यांना, ज्यांनी तिच्या मुलीचं ठरत आलेलं स्थळ मुलीचा मामा तुरुंगात आहे म्हणून मोडू दिलं होतं. एक घरी. नकलेची फी काका भरत होते, ती तिने भरू दिली नाही.